काल्डरच्या आडातली ओ

कोर्टासमोरच्या हिरवळीत मधोमध तो दगडी कठडा दिसतोय, त्याच्याजवळ जायला हरकत नाही; फक्त आत वाकू नका. इथले लोक त्याला विहीर म्हणतात, पण आपल्या हिशेबाने तो आडच. दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडे टेकतील एवढंच तोंड. वर झाकण नाही, जाळी नाही. भर गावात असा उघडा आड ठेवल्याबद्दल दर चार-पाच वर्षांनी कोणीतरी तक्रार करतं. गाव ती तक्रार नीट वाचतं आणि फडताळात ठेवून देतं.

गावात शिरताना तुम्ही हिरव्या पाटीशेजारी उभं राहून फोटो काढलात, मी खिडकीतून पाहत होते. पाटीवर लोकसंख्या तीनशे एकोणीस आहे. मी या गावात सदतीस वर्षं डॉक्टर होते. इथल्या निम्म्या लोकांना मी जन्मताना पाहिलंय आणि उरलेल्यांचं ब्लडप्रेशर मला तोंडपाठ आहे. म्हणून खात्रीने सांगते, गावात माणसं तीनशे अठरा आहेत. पाटी चुकलेली नाही. एक माणूस त्या आडातला धरलेला आहे.

मी मालन विरकर, मूळची म्हसवडची. इथे सगळे मला डॉक म्हणतात. दवाखाना सोडल्यापासून शनिवार-रविवार हे छोटं संग्रहालय उघडून बसते आणि येईल त्याला ही गोष्ट सांगते. मराठी माणूस इकडे तीन-चार वर्षांत एखादा वाट चुकून येतो, त्यामुळे आज मला जरा जास्त वेळ लागेल. चहा घ्या. जसं ऐकलं तसं सांगते, पदरचं घालणार नाही. घातलंच तर तसं सांगेन.

आधी भूगोल, कारण त्यानेच सगळं घडवलं. नेब्रास्काच्या या पश्चिम टोकाला झाड म्हणून नव्हतं. आत्ता दिसतात ती माणसांनी लावलेली. आखूड गवत, वारा आणि आभाळ, एवढंच. दक्षिणेला दोन मैलांवर नदी आहे, शेताएवढी रुंद आणि गुडघ्याएवढी खोल. आमच्या माणदेशात खणायला गेलं की दगड लागतो. इथे दगड औषधालाही मिळत नाही; वीतभर मातीखाली नुसती वाळू. त्या कठड्याचे दगडसुद्धा रेल्वेने लांबून आणलेले आहेत. लाकूड नाही, दगड नाही, म्हणून पहिल्या लोकांनी गवताच्या मुळांसकट जमिनीच्या ढेपा कापल्या आणि त्या एकावर एक रचून घरं बांधली. पावसाळ्यात छतातून चिखल गळायचा आणि कधी कधी सापही पडायचा.

ही वस्ती पडली तेव्हा एकोणिसावं शतक सरत आलं होतं. ज्यांची ही जमीन होती त्या पॉनी लोकांना दक्षिणेकडे हाकलून दहा-बारा वर्षंच झाली होती. त्यांची माणसं किती होती आणि वाटेत किती मेली, ते या गावातल्या कोणत्याच वहीत नाही. हे मुद्दाम सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं मोजणीबद्दलच आहे.

तर असं सांगतात, की या भागाचा नवा जिल्हा होणार होता आणि त्याचं मुख्य गाव व्हायला दोन गावं टपून बसली होती. एक आपलं काल्डर, दुसरं उत्तरेला अकरा मैलांवरचं प्रॉस्पर. ज्या गावात मोजणीच्या दिवशी शंभर माणसं भरतील तिथे कोर्ट, आणि जिथे कोर्ट तिथे रेल्वे. दुसरं गाव आपोआप ओसाड पडणार, हे सगळ्यांना माहीत होतं. प्रॉस्पर कुठे आहे म्हणून विचाराल, तर तिथे आता एक मोडकी पवनचक्की आहे आणि भोवती गहू. तेव्हा काल्डरचे लोक हावरे होते असं लगेच म्हणू नका. मागचं सगळं विकून ते इथे आले होते. परत जायला त्यांच्याकडे जागाच नव्हती.

गावाचा म्होरक्या होता एझ्रा पेनिमन. त्याचं दुकान होतं, खाणावळ होती आणि बोलण्यात साखर होती. तो रोज सकाळी दुकानाच्या पाटीवर खडूने गावाची माणसं लिहायचा. कोणी गाव सोडायचं म्हणालं की त्याच्या घरी जाऊन त्याची समजूत काढायचा. कोणाच्या घरी बाळ झालं की बाळाच्या बापाआधी पेनिमनला आनंद व्हायचा. त्या सप्टेंबरात पाटीवर बरोबर शंभर आकडा आला. एकही जास्त नाही, एकही कमी नाही. मोजणीदार सोमवारी येणार होता.

त्या शंभरात एक निल्स होता आणि एक त्याची बायको सिग्रिड. दोघं नॉर्वेहून आलेली, मूलबाळ नाही. निल्स आड खणायचा. वाळूत आड खणणं म्हणजे कसब लागतं. दोन हात खणायचं, आतून लाकडाची चौकट बसवायची, मग आणखी दोन हात. चौकट चुकली की भिंत अंगावर येते. वर रहाटावर त्याचा जोडीदार असायचा, ओटो नावाचा डेन्मार्कचा माणूस. त्याला सिग्रिडची भाषा कळायची, आणि निल्स सोडला तर गावात ती कळणारा तो एकटाच होता. सिग्रिडला इंग्रजी येत नव्हतं. निल्स आणि ओटोने गावाच्या मधोमध हा आड खणायला धरला होता, कारण कोर्ट मागणाऱ्या गावाला नदीवरून पिंपं भरून आणणं शोभत नाही असं पेनिमनचं म्हणणं होतं.

गुरुवारी दुपारी, नव्वद फुटांवर, आड ढासळला.

ओटोने दोर ओढला तर तो हलका वर आला. त्याने हाका मारल्या. गाव जमा झालं. मग आड खणणाऱ्यांच्या रीतीप्रमाणे त्यांनी पेटता कंदील दोरीने खाली सोडला. जिथे ज्योत जगत नाही तिथे माणूस जगत नाही, हा त्या धंद्यातला नियम. कंदील अर्ध्यावर गेला आणि विझला. पुन्हा लावून सोडला, पुन्हा विझला. पुरुषांनी टोप्या काढल्या. सिग्रिड म्हणत होती की खणा. ओटोने तिला समजावलं की खाली विषारी हवा आहे, जो उतरेल तो मरेल. हवा निवळली की निल्सला वर काढू आणि नीट पुरू. यात खोटं काहीच नव्हतं. त्या दिवसापुरतं तरी नव्हतं.

शुक्रवारी सकाळी पेनिमन ओटोला घेऊन तिच्या घरी गेला. त्याने आदल्या दिवसापासून पाटीला खडू लावला नव्हता. तो म्हणाला म्हणे, की निल्स गेला तो गेलाच, पण नव्व्याण्णव भरले तर गावही जाईल. मग नवरा नाही, गाव नाही, अशी ती या माळावर एकटी कुठे जाणार? तिने फक्त मोजणी होईपर्यंत काळे कपडे घालू नयेत. मोजणीदाराने विचारलं तर नवरा आडात काम करतोय एवढं सांगावं. तो गेला की निल्सला वर काढू, आणि लांबून आणवून त्याच्या थडग्यावर गावातला सगळ्यात मोठा दगड बसवू.

संध्याकाळी तिने मान हलवली. तिच्यापुढे इकडे आड आणि तिकडे विहीर होती. मी तिला दोष देत नाही. आपला माणूस मेला असं चार जाणत्या लोकांनी सांगितलं की बाई ते मानते. मीही एकदा असंच शहाणपणाचं वाटलं ते मानून बसले होते, ते पुढे सांगेन. गावाने आडावर फळ्या टाकल्या, रहाटाला नवा दोर बांधला आणि निल्सचा कोट खुंटीला अडकवला. काम चालू आहे असं दिसावं म्हणून.

सोमवारी मोजणीदार आला. त्याचं नाव कोणाला आठवत नाही, पण माणूस कडक होता हे सगळे सांगतात. दुसऱ्या गावांनी त्याला फार फसवलं होतं. कुठे थडग्यांवरची नावं घातलेली, कुठे घोड्यांची. त्यामुळे त्याने एक नियम केला होता. जो दिसेल किंवा जो ओ देईल, तोच लिहीन. तो घरोघर हिंडला. दुपारी बाराच्या सुमाराला तो सिग्रिडच्या दारात उभा राहिला; तिचं नाव लिहिलं तशी त्याच्या वहीत नव्व्याण्णव नावं झाली. नवरा कुठे आहे, त्याने विचारलं. ओटोने शिकवलेलं इंग्रजी वाक्य तिने म्हटलं, की तो आडात आहे.

चांगलं, तो म्हणाला, मग तिथे जाऊन विचारू.

पेनिमनने हे धरलं नव्हतं. तो म्हणाला, आड खोल आहे, वारा आहे, ऐकू जायचं नाही. मोजणीदाराने स्वतः फळ्या बाजूला केल्या. सगळं गाव भोवती उभं होतं, तुम्ही आत्ता बसलात तिथपासून त्या ध्वजाच्या खांबापर्यंत. तो वाकला आणि त्याने निल्सच्या नावाने हाक मारली. काही नाही. दुसऱ्यांदा मारली. काही नाही. पेनिमन बोलायला तोंड उघडत होता तेवढ्यात त्याने तिसऱ्यांदा हाक मारली, आणि खालून ओ आली.

लांबून, बारीक, पण माणसाची. जवळ उभ्या असलेल्या सगळ्यांनी ती ऐकली. मोजणीदाराने वहीत लिहिलं, शाई वाळवली आणि म्हणाला, शंभर. गावाने टोप्या हवेत उडवल्या आणि अशी आरोळी ठोकली, की प्रॉस्परपर्यंत ऐकू गेली म्हणतात.

पेनिमनने ओटोकडे बघून डोळे मिचकावले. त्याला वाटलं ही ओटोची करामत, कुठेतरी माणूस लपवून ठेवला असणार. ओटोला वाटलं ही पेनिमनची. दोघांनी एकमेकांचे चेहरे बघितले आणि दोघांनाही कळलं, की खाली लपवलेलं कोणी नाही.

सिग्रिड आडाच्या काठाशी आडवी पडून हाका मारत होती. आता ही गोष्ट मला इंग्रजीत सांगितली गेली आणि सिग्रिड बोलत होती तिच्या भाषेत. पण माझ्या कानात ती आमच्या म्हसवडच्या बायकांसारखीच बोलते. हे मात्र पदरचं आहे. ती उठली, सरळ मोजणीदारासमोर गेली आणि म्हणाली, “माझा माणूस जित्ता हाय. त्येच्यावर वाळू पडलीया. गुरवारपास्नं पडलीया. त्येला काडा.”

त्याला शब्द कळला नाही. त्याने ओटोला विचारलं, बाई काय म्हणते? पेनिमन ओटोकडे बघत होता. ओटो म्हणाला, “तिला नवऱ्याचा फार अभिमान वाटतोय.”

मोजणीदाराने टोपीला हात लावला, तिचं अभिनंदन केलं आणि तो आजूबाजूची शेतं मोजायला निघून गेला. अजून दोन दिवस त्याचा मुक्काम पेनिमनच्या खाणावळीतच होता.

गावाने त्या दिवशी काय केलं ते ऐका. काही लोक म्हणाले, तो घुमलेला आवाज होता. काही म्हणाले, कोणीतरी थट्टा केली. आपण स्वतः ओ ऐकली असं मात्र एकही माणूस म्हणेना. अर्ध्या तासापूर्वी सगळ्यांनी ऐकली होती. खणायला लागलो आणि मढं निघालं तर मोजणीदार पान फाडणार. आणि जिवंत निघाला तर चार दिवस काय करत होतात म्हणून विचारणार. दोन दिवस थांबू, असं ठरलं. ठरलं म्हणजे कोणी ठरवलं नाही. प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत घरी गेला.

मंगळवारी सकाळी सिग्रिड दोर धरून एकटी आडात उतरली. कंदील नेला नाही. विषारी हवेने तिला काही झालं नाही. कंदील कशाने विझला होता, वरून गळणाऱ्या वाळूने की वाऱ्याने, ते मला विचारू नका. तिने बादली भरायची, वर चढून यायचं, रहाट फिरवून बादली ओढायची, ओतायची आणि पुन्हा उतरायचं. दुपारपर्यंत ओटोने घराच्या दारातून हे बघितलं. मग तो आला आणि काही न बोलता रहाटाला लागला. तिने त्याच्याकडे बघितलं नाही.

दुपारनंतर खालून ठोकल्याचा आवाज यायला लागला. लाकडावर ठोकतात तसा. थांबून थांबून, पण नक्की. ओटो धावत पेनिमनकडे गेला आणि म्हणाला, दहा माणसं दे, अर्ध्या दिवसात पोचतो. मोजणीदार तेव्हा आत जेवत होता. पेनिमन ओटोला बाहेर घेऊन आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता म्हणे, आणि मला ते खरं वाटतं. तो कसाई नव्हता. तो म्हणाला, “ओटो, बाकीच्या नव्व्याण्णव जणांचा विचार कर. एकच दिवस. उद्या दुपारी तो जाईल.”

ओटो परत आला आणि दोघंच खणत राहिली. बुधवारी सकाळी ठोकणं थांबलं.

दुपारी मोजणीदाराची गाडी टेकाडापलीकडे गेली, तशी माणसं फावडी घेऊन धावत सुटली. मोठमोठे बाप्ये रडत खणत होते असं सांगतात. चार वाजता पोचले. वरच्या चौकटी तिरप्या पडून एकमेकींना अडल्या होत्या आणि खाली माणूस उभा राहील एवढी पोकळी झाली होती. पायाशी वाळूतून ओल पाझरत होती, तेच पाणी त्याने प्यायलं असणार. निल्स उभाच होता. मान लाकडाला टेकलेली, हातात चाकू उलटा धरलेला, मुठीने ठोकायला.

त्याचं अंग अजून गार पडलं नव्हतं.

मी डॉक्टर आहे, म्हणून याचा अर्थ तुम्हाला सांगते. तो काही तासांपूर्वी गेला होता. म्हणजे गुरुवारी जेव्हा टोप्या उतरल्या तेव्हा तो जिवंत होता. फळ्या टाकल्या तेव्हा होता. सोमवारी त्याला कोणीतरी वरून नावाने पुकारलं, त्याने अंगातलं सगळं बळ एकवटून ओ दिली, आणि मग त्याने वरची आरोळी ऐकली असणार. त्याला वाटलं असणार, सापडलो. लोक किती आनंदले आहेत.

मी ही गोष्ट शेकडो वेळा सांगितली आहे, पण इथे आल्यावर मी अजूनही उठून चहाचं आधण ठेवते.

सिग्रिड रडली नाही. निल्सला हिरवळीवर ठेवलं होतं आणि गाव भोवती उभं होतं. पेनिमनने मोठ्या दगडाचं बोलायला सुरुवात केली. ती ओटोला म्हणाली, आता नीट सांग, एक शब्द खाऊ नकोस. आणि ओटोने तिचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

“तुमच्या वहीत त्यो जित्ता लिवलाय. मग हितं त्यो जित्ताच ऱ्हाईल. गाव हाय तवर त्येला मोजायचं. दर साली मोजणीच्या दिशी समद्यांनी हितं यायचं, एकेकाचं नाव पुकारायचं, शेवटाला त्येचं. मग गप ऱ्हायचं आन् ऐकायचं. कुणी म्हनलं मला ओ ऐकू आली, तर खणायचं. कोन म्हनतंय ते बघायचं न्हाई. दिवा सोडायचा न्हाई. इच्यारायचं न्हाई. खणायचं.”

गावाने कबूल केलं. तिथेच, त्याच्या अंगावर हात ठेवून.

निल्सला पुरलं, आड मोकळा राहिला. त्या ओलीपलीकडे त्याला पाणी कधीच लागलं नाही. आणि एक गोष्ट अशी, की वाळू कितीही उपसली तरी पुढच्या सप्टेंबरपर्यंत ती होती तेवढी भरून येते. इंजिनिअर लोकांनी याची कारणं दिली आहेत. ती मी वाचली आहेत, आणि दर वर्षी उंची मोजलेली काठीही पाहिली आहे. कोर्ट आलं, रेल्वे आली, ती रेल्वे पुढे बंदही पडली. सिग्रिड दुसरीकडे गेली नाही. त्याच घरात ती चाळीस वर्षं राहिली, आणि ओटोशी त्यानंतर ती फक्त दोन वेळा बोलली असं म्हणतात.

पहिली तीन वर्षं मोजणीच्या दिवशी काही झालं नाही. चौथ्या वर्षी निल्सचं नाव पुकारल्यावर गाव गप्प उभं असताना पेनिमनने हात वर केला. त्याला ओ ऐकू आली होती. दुसऱ्या कोणालाही नाही. गावाने खणलं, तळापर्यंत, दोन दिवस. वाळूशिवाय काही निघालं नाही. पाचव्या वर्षी त्याने पुन्हा हात वर केला. पुन्हा खणलं. असा तो अकरा वर्षं हात वर करत राहिला आणि अकरा वर्षं गाव खणत राहिलं. पीक कापायचे दिवस, घरी कामं पडलेली, पण एकानेही त्याला वेडा म्हटलं नाही. शेवटी शेवटी तो मोजणीच्या आधी महिनाभर कानात कापूस घालून हिंडायचा. तरी त्याला ऐकू यायचं. पुढच्या वर्षी तो घरात मेला आणि यादीतून त्याचं नाव गेलं, आणि त्याचं दार उघडून बघायला सगळ्यात आधी सिग्रिड गेली होती.

मला हे सगळं भाकडकथा वाटायचं. आम्ही आलो तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते, एम.बी.बी.एस. झालेली, वर इथल्या परीक्षा पास झालेली. इथे माणूस गेला की नातेवाईक मला थांबवायचे. मृत्यूच्या दाखल्यावर सही करायच्या आधी नावाने तीन हाका मारायला लावायचे, आणि मग थोडं थांबायला. मी घड्याळ बघत हाका मारायचे. माझे यजमान, विश्वासराव, मला हसायचे. ते इथल्या शाळेत गणित शिकवायचे आणि घरी मला मालू म्हणायचे. या अख्ख्या खंडात मला मालू म्हणणारं दुसरं कोणी नव्हतं.

वीस वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत ते शाळेच्या कामाला साठ मैलांवर गेले आणि संध्याकाळी बर्फाचं वादळ आलं. शेरीफचा फोन आला, गाड्या काढू का, वाटेत बघून येऊ का म्हणून. मी म्हटलं, ते कुठल्यातरी मोटेलवर थांबले असतील, तुमची माणसं उगाच धोक्यात घालू नका. मी शहाणपणाने बोलले होते. दुसऱ्या दिवशी गाडी खड्ड्यात सापडली, गावापासून सहा मैलांवर. किती वेळ ते जिवंत होते हा हिशेब करायला मला कोणाची गरज नव्हती. अंगाला हात लावला आणि मला कळलं. ते मी कोणाला सांगितलं नाही. दाखल्यावर मी एक वेळ लिहिली, ती खोटी होती.

त्या सप्टेंबरात मी मोजणीला उभी होते. सगळ्यांची नावं पुकारून झाली, निल्सचं झालं, गाव गप्प झालं. आणि आडातून मला हाक ऐकू आली. “मालू.” मोठी नाही. स्वयंपाकघरातून विचारतात, चहा झाला का, तशी.

माझा हात वर गेला. मी तो केला नाही, तो गेला. मला वाटलं, लोक बघतील, डॉक खुळावली म्हणतील, परकी बाई, नवरा गेल्यापासून बिघडली. मी हात खाली घ्यायच्या आत पहिला माणूस फावडं घेऊन दोराला लागला होता. बेकरीवाला होता, त्याच्या दोन मुली होत्या, शेरीफ होता. दोन दिवस आणि एक रात्र ते आळीपाळीने खणत होते. काय ऐकलंस, कोणाचा आवाज होता, एकानेही विचारलं नाही. कोणी कंदील आणला नाही. मी कडेला बसले होते, आणि कोणीतरी माझ्या खांद्यावर घोंगडी टाकून गेलं. तळ लागला. वाळूच होती. बेकरीवाला वर आला, त्याचे हात सोलले होते. तो माझ्याकडे बघून म्हणाला, “डॉक, अजून खाली जाऊ का?”

तेव्हा मी फेब्रुवारीपासून पहिल्यांदा रडले.

आजही सप्टेंबरातल्या दुसऱ्या सोमवारी दुपारी बाराला काल्डर इथे जमतं. म्हणजे उद्याच. मोजणीच्या दिवशी जो गावात असेल तो गावाचा, अशी रीत आहे. तेव्हा रात्री थांबलात तर तुमचीही नावं पुकारली जातील. नाव आलं की मोठ्याने ओ द्या. मग शेवटी सगळे गप्प उभे राहतील, आणि त्या शांततेत तुम्हाला काही ऐकू आलं तर अनमान करू नका, हात वर करा. तुम्ही कोण, कुठले, तुमचं खाली कोण आहे, हे इथे कोणी विचारणार नाही. आधी खणतील. नंतरही विचारणार नाहीत.